इलेक्ट्रिक गाडी घ्यायची? आधी प्लग बघा

शोरूमला जायच्या आधी गाडी रात्री जिथे उभी राहणार आहे तिथे जाऊन या. तिथे आपल्या मीटरवरचा, चांगल्या अर्थिंगचा 15 अँपिअरचा पॉइंट येऊ शकतो का, हा पहिला प्रश्न. रेंज (एका पूर्ण चार्जवर गाडी किती किलोमीटर जाते), रंग, स्क्रीन हे सगळं नंतर. घरी चार्जिंग नसेल तर ही गाडी रोजची कटकट होते, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

गणित सोपं आहे. अशा पॉइंटवरून तासाला साधारण 3 युनिट मिळतात. आठ तासांच्या रात्रीत 24. त्यातली दोन-तीन वाया जातात. 100 किलोमीटरला 15 युनिट धरली तर सकाळी सव्वाशे ते दीडशे किलोमीटर हातात. रोजचं धावणं 60-70 असेल तर भरपूर झालं.

एक्स्टेन्शन बोर्ड मात्र अजिबात नको. मी सुरुवातीला वापरला. एका रात्री जळका वास आला म्हणून खाली धावलो, तर प्लगची एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटचं भोक वितळून वाकडं झालेलं. गिझर थोड्या वेळाने बंद होतो, गाडी तासन् तास पूर्ण करंट ओढते. म्हणून जाड वायर टाकून स्वतंत्र लाइन घ्या. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावा: कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर लगेच बंद करा.

आता लांबचा प्रवास. 100 च्या वेगाला हवा जेवढी अडवते, त्याच्या जवळजवळ दीडपट 120 ला अडवते, त्यामुळे हायवेवर रेंज झपाट्याने उतरते. शिवाय 80 टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं. बॅटरीच्या आतल्या सेलना इजा होऊ नये म्हणून गाडीच करंट कमी करते. म्हणजे वाटेत 20 ते 80 एवढीच बॅटरी कामाची. खरी रेंज 300 असेल तर दोन थांब्यांत 180 धरा, आणि पुढचा चार्जर बंद निघाला तर त्यानंतरचा कुठे आहे, हेही आधीच बघून ठेवा.

जुनी घेताय? बॅटरीची क्षमता किती टक्के उरलीय याचा लेखी रिपोर्ट मागा. नुसत्या किलोमीटरवरून ते कळत नाही.

एवढं करून पंधरा दिवस सध्याच्या गाडीचं रोजचं रीडिंग वहीत लिहा. दीडशेच्या वर गेलेले दिवस मोजा. एखाद-दुसरा असेल तर खुशाल घ्या. पाच-सहा निघाले आणि घरी पॉइंटही नसेल, तर तूर्त हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी बघा.