साठीनंतरची तुटक झोप कशी सांधायची

नऊला आडवं व्हायचं, तीनला डोळा उघडतो, मग सहापर्यंत नुसती कूस बदलणं. म्हणजे अंथरुणात ९ तास आणि झोप जेमतेम ६. वयाबरोबर गाढ झोप घटतेच. उरलेली ९ तासांत पसरली की आणखी विरविरीत होते.

रात्रीच्या सलग झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्के उतरतो. सारखी जाग आली की हृदयाची ही विश्रांती हुकते. ब्रिटनमधल्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीत (२०२१) पन्नाशी-साठीत ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळला. अर्थात, कमी झोपेनेच तो झाला असं त्यावरून ठरत नाही.

आधी दोन आठवडे वहीत लिहा: आडवं कधी झालो, अंदाजे डोळा कधी लागला, जाग किती वेळा आली, उठलो कधी. नोंद सकाळीच करा. रात्री घड्याळाकडे बघायचंच नाही. सरासरी झोप ६ तास निघाली तर अंथरुणात साडेसहा तासच राहायचं: रात्री ११ ते पहाटे ५.३०. उठायची वेळ रविवारीही तीच. मध्येच २० मिनिटांहून जास्त टक्क जागे राहिलात तर उठून मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत या. आठवडाभर साडेसहापैकी साडेपाच तास झोप लागली की पाव तास लवकर आडवं व्हा. अंथरुणातला वेळ मात्र साडेपाच तासांच्या खाली नेऊ नका. फिट्स येत असतील, बायपोलर आजार असेल किंवा तोल जात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

पहिल्या आठवड्यात दिवसा पेंग येणारच; गाडी चालवणं टाळा. बहुतेकांचं गणित बिघडतं ते रात्री आठला, मालिका बघताना सोफ्यावर लागलेल्या डुलकीने. वामकुक्षी चालेल, पण गजर लावून २० मिनिटं आणि तीनच्या आत. चहा दोनच्या आत संपवा: कॅफीन निम्मं व्हायला सुमारे ५ तास लागतात.

लघवीला उठावं लागत असेल आणि पाय सुजत असतील तर संध्याकाळी तासभर पाय उंचावर ठेवा, म्हणजे पायांत साठलेलं पाणी झोपण्याआधीच निघून जाईल.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा गैरसमज. घोरताना मध्येच श्वास थांबतोय असं घरच्यांना दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि आधी स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो याची तपासणी) करून घ्या.