कोठडीत माणूस दगावल्याचा फोन आल्यावर

घरात आकांत सुरू असतो आणि नेमक्या त्याच वेळी कागदांवर सह्या मागितल्या जातात. म्हणून आधी जमवायची ती माणसे: एक वकील आणि वाचल्याशिवाय आईवडिलांना सही करू न देणारा एक खमका नातेवाईक. ‘छातीत दुखत होतं’ असे तोंडी सांगितले जाईल. कोण म्हणाले, किती वाजता, ते तिथल्या तिथे लिहून काढा.

लगेच अर्ज द्या, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 प्रमाणे चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करावी. तहसीलदारांच्या चौकशीवर समाधान मानू नका. मृतदेहाचा पंचनामा होताना घरचे कुणीतरी हजर हवे; पाठ, तळवे, तळपाय, मनगटे यांचे फोटो घ्या. शवविच्छेदनाचे चित्रीकरण लेखी मागा, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या तशा सूचना आहेत. अंत्यविधीसाठी घाई केली जाईल, पण दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी करायची तर ती अंत्यविधीआधीच. हे सगळे त्या अवस्थेत करणे फार क्रूर आहे, तरी करा. परभणीत अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावले. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण शवविच्छेदन अहवालात आले. एवढा कागद हाती असूनही पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवायला आईला उच्च न्यायालयात जावे लागले. जुलै 2025 मध्ये तो मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकला. कागदच नसता तर?

पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. ते 18 महिने ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे. अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी, स्टेशन डायरी, कारागृहातील प्रवेशावेळची नोंद यांच्या प्रती मागा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. सोबत कोठडीत कोण होते, त्यांची नावे मिळवा. तेच खरे साक्षीदार आणि दबावही त्यांच्यावरच येतो. साक्षीदार संरक्षण योजनेखाली त्यांच्यासाठी अर्ज करता येतो. मानवाधिकार आयोगाकडे तक्रार एक वर्षाच्या आत जायला हवी.

घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात अटक झालेला ख्वाजा युनूस 2003 मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. त्या प्रकरणात निलंबित झालेले पोलीस 2020 मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले, आई तेव्हाही लढतच होती. लढा इतका लांबू शकतो, म्हणून या कागदांच्या फाइलचा दुसरा संच वेगळ्या घरी ठेवा आणि घरातल्या एखाद्या तरुणाला ती पहिल्या पानापासून समजावून द्या.