अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर? या चुका टाळा

मुद्रितं तपासताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त वेळा एकाच जागी थांबतं: इंग्रजी अनेकवचनाची षष्ठी. ‘शिक्षकांची खोली’, ‘सभासदांची यादी’, ‘मुलांचा विभाग’ असं इंग्रजीत लिहायची वेळ आली की ते वरचं छोटं चिन्ह एक तर गायब होतं, नाहीतर भलत्याच जागी जाऊन बसतं. लिहिणारी माणसं चांगली शिकलेली असतात. त्यांनी नियम मात्र अर्धाच पाठ केलेला असतो: ‘अनेकवचन असेल तर अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर.’ या अर्ध्या वाक्यानं जेवढं नुकसान केलंय तेवढं नियम अजिबात माहीत नसण्यानंही केलं नसेल.

पुढे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिते आहे. उच्चाराप्रमाणे स किंवा ज दिसला तरी इंग्रजीत तो एसच आहे असं समजा आणि चिन्ह कुठे पडलंय तेवढं पाहा.

माझी सवय सांगते. आधी अनेकवचन पूर्ण लिहायचं आणि हात थांबवायचा. मग त्या शब्दाचं शेवटचं अक्षर बघायचं. ते एस असेल तर फक्त चिन्ह. एस नसेल तर चिन्ह आणि एस. टीचर, टीचर्स, टीचर्स’. चाइल्ड, चिल्ड्रन, चिल्ड्रन’स. बस. नवशिके या दोन पायऱ्या एका उडीत चढायला बघतात, आणि पडतात ते तिथेच. लेडी या शब्दाचं ‘लेडी’ज’ होतं तेही याच उडीमुळे. आधी लेडीज हा शब्द पुरा झाला असता तर त्याच्या मधोमध चिन्ह घुसलंच नसतं.

चिल्ड्रन्स’, वुमेन्स’, मेन्स’

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती नियम पाळण्याच्या नादात होते. एका संस्थेनं मुलांसाठी वाचनकक्ष उघडला आणि दारावरच्या पितळी पाटीचा मजकूर माझ्याकडे तपासायला पाठवला. मी ‘चिल्ड्रन’स’ असं नीट करून दिलं. पाटी लागली त्या दिवशी जाऊन पाहते तर ‘चिल्ड्रन्स’’. कोरणाऱ्याकडे मजकूर जाण्याआधी संस्थेतल्या कुणीतरी ‘मुलं अनेक आहेत ना’ म्हणून चिन्ह उचलून एसच्या पुढे ठेवलं होतं. त्या व्यक्तीनं मला एकदा विचारलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पितळेवर कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. पाटी बदलण्याइतके पैसे उरले नव्हते आणि त्या खोलीत वाचायला येणारं प्रत्येक मूल आत शिरताना ती चूक वाचत होतं. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

‘चिल्ड्रन्स’ असं अनेकवचन इंग्रजीत नाही. चिल्ड्रन हेच अनेकवचन. एस येतो तो षष्ठीचा, म्हणून चिन्ह त्याच्या आधी. मेन’स, वुमेन’स, माइस’स, गीस’स, सगळ्यांना हाच न्याय. (माइस आणि गीस यांचं इंग्रजी स्पेलिंग एसवर नाही, ईवर संपतं.) शीप हा शब्द दोन्ही वचनांत तसाच राहतो, म्हणून एका मेंढीची लोकर असो की शंभर मेंढ्यांची, शीप’स. पीपल’स म्हणजे लोकांचा. पीपल्स हा शब्द मात्र खरोखर आहे, निरनिराळे जनसमूह अशा अर्थाचा, आणि त्याची षष्ठी पीपल्स’. हा अर्थ हवा असेल तरच तो वापरा.

मराठीतल्या टिंबावर आंधळा विश्वास

कान इथे मदत करत नाही. एका मुलाचं, नुसती अनेक मुलं आणि अनेक मुलांचं, इंग्रजीत तिन्हींचा उच्चार अगदी एकसारखा, बॉयज. म्हणून बोलून टाइप करणाऱ्यांच्या मजकुरात ही चूक हमखास असते. फोनवरचं यंत्र अंदाज बांधतं आणि लिहिणारा तो अंदाज तपासत नाही.

यावर मराठी माणसाजवळ एक देखणा उपाय आहे. आपली भाषा हा फरक अनुस्वारानं दाखवते. ‘मुलाचं दप्तर’, ‘मुलांची दप्तरं’. टिंब आलं की अनेकवचन. मनात आधी मराठी वाक्य म्हणा, मग इंग्रजी लिहा, असं मी स्वतः वर्षानुवर्षं सांगत आले आहे. पण पुढचं अर्धं ऐकून न घेताच लोक निघून जातात: आपण आदरासाठीही टिंब देतो! ‘आजोबांचा चष्मा’, ‘सरांची वही’, ‘अध्यक्षांचं भाषण’. माणूस एकच, टिंब आदराचं. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन चालत नाही, म्हणून तिथे ग्रँडफादर’स आणि प्रेसिडेंट’स, चिन्ह एसच्या आधी. ‘प्रेसिडेंट्स’ स्पीच’ वाचणाऱ्याला वाटेल की अनेक अध्यक्षांनी मिळून एक भाषण केलं.

उलट्या दिशेनं हीच गफलत महागात पडलेली मी पाहिली आहे. जागा भाड्यानं देण्याचा एक करार होता. मराठी मसुद्यात ‘मालकांच्या लेखी संमतीशिवाय’ जागेत बदल करायचा नाही असं कलम. घाईत इंग्रजी करणाऱ्यानं ते टिंब आदराचं समजून ‘ओनर’स’ लिहिलं. मालक प्रत्यक्षात तीन भावंडं. भाडेकरूनं थोरल्या भावाची सही घेतली आणि मधली भिंत पाडली. बहीण म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. कागद माझ्याकडे आले ते दोन्ही मसुदे शेजारी ठेवून बघण्यासाठी. एक बाजू मराठी टिंबावर बोट ठेवून होती, दुसरी इंग्रजी चिन्हावर, आणि भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झालेली. शेवटी कलम नव्यानं लिहिलं: ‘तिन्ही मालकांची लेखी संमती’. इंग्रजीतही ‘ऑल थ्री ओनर्स’ असं स्पष्ट घातलं.

तेव्हापासून पैसा, हक्क किंवा सही यांचा प्रश्न असेल तिथे मी त्या चिन्हावर विसंबत नाही. संख्या शब्दांत लिहिते. वाक्य थोडं लांबतं, लांबू दे.

जागा बदलली की अर्थ बदलतो

‘एवढ्याशा चिन्हानं काय होतं’ असं विचारणाऱ्यांना मी दोन कॉलेजांची नावं दाखवते. केंब्रिजमधलं क्वीन्स’ कॉलेज चिन्ह एसच्या नंतर लावतं, कारण त्यामागे दोन राण्या आहेत: १४४८ साली मार्गारेट ऑफ अँजू आणि १४६५ साली एलिझाबेथ वुडव्हिल. ऑक्सफर्डमधलं, १३४१ सालचं क्वीन’स कॉलेज एकाच राणीच्या नावानं आहे, फिलिपा ऑफ एनो, म्हणून तिथे चिन्ह एसच्या आधी. मदर’स डेचंही तसंच. अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांनी तो जाणूनबुजून एकवचनी ठेवला. प्रत्येक घरानं आपल्या आईची आठवण करावी हा त्यामागचा विचार.

विशेषनामं तर्कानं दुरुस्त करायला जाऊ नका. लंडनच्या पिकाडिली लाइनवर अर्ल’स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही शेजारशेजारची स्थानकं. पहिल्यात चिन्ह आहे, दुसऱ्यात नाही. अमेरिकेतला व्हेटरन्स डे, म्हणजे माजी सैनिकांचा दिवस, अधिकृतपणे चिन्हाशिवाय लिहितात. मालकानं नाव जसं लिहिलंय तसं उतरवायचं.

उरलेल्या चुका, थोडक्यात

नुसत्या अनेकवचनाला चिन्ह नको. ‘फोटोज’, ‘टॅक्सीज’ यांत कुणाचंच काही नाही, मग षष्ठी कशाला?

आडनावाच्या शेवटी एस असला की लोक घाबरतात. घाबरू नका, पायऱ्या त्याच: जोन्स, जोन्सेस, जोन्सेस’. जोन्स कुटुंबाचं घर म्हणजे ‘द जोन्सेस’ हाउस’.

सासू, मेहुणी यांसारख्या जोडशब्दांत अनेकवचनाचा एस पहिल्या शब्दाला आणि षष्ठी शेवटच्या शब्दाला लागते: सिस्टर्स-इन-लॉ’स. बरोबर आहे, पण कानाला बोजड. मी वाक्यच फिरवते.

दोघांची मिळून एक वस्तू असेल तर चिन्ह फक्त दुसऱ्या नावाला. वस्तू वेगवेगळ्या असतील तर दोन्ही नावांना.

‘एकमेकांचे’ यात मराठीत टिंब आहे, तरी इंग्रजीत नेहमी ‘ईच अदर’स’. चिन्ह एसच्या आधी, अपवाद नाही.

‘इट्स’ म्हणजे त्याचं आणि ‘देअर्स’ म्हणजे त्यांचं, या सर्वनामांना चिन्ह नाही. ‘इट’स’ हा ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’चा संक्षेप आहे.

काळाचं माप मात्र सगळेच विसरतात. दोन आठवड्यांची नोटीस म्हणजे ‘टू वीक्स’ नोटिस’, दहा दिवसांची रजा म्हणजे ‘टेन डेज’ लीव्ह’. राजीनाम्याच्या पत्रात ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता पत्र हातात आलं की आधी ती ओळ शोधते. ‘अ टू-वीक नोटिस’ अशी रचना केली तर एसही नको आणि चिन्हही नको. मधली आडवी रेघ पुरते.

व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर यातल्या निम्म्या गोष्टींत काहीच करू शकत नाही. मालक एक की तीन, राणी एक की दोन, हे त्याला कळणार कुठून? म्हणून शेवटची एक फेरी मी फक्त या चिन्हासाठी ठेवते. शोधायच्या चौकटीत आधी सरळ अपॉस्ट्रॉफी टाकायचा, मग वळणदार, कारण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं वाटू शकतात. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं: कुणाचं? किती जणांचं? नंतर उलटी फेरी: शेवटी एस असलेला आणि पुढे लगेच दुसरं नाम असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांनी तपासायचा, कारण गायब झालेलं चिन्ह शोधून सापडत नाही. चाळीस पानांना यात साधारण तासभर जातो.