गेममध्ये माऊस मागे पडतोय? नवा घेण्याआधी हे तपासा

हात हलतो, पण क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) अर्धा क्षण थांबून मग येतो. असं झालं की बहुतेक जण पहिल्यांदा माऊसलाच दोष देतात आणि हजारांतला नवा गेमिंग माऊस मागवून मोकळे होतात. बऱ्याचदा हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार असतो. ऑफिसात असतो तसा साधा वायरवाला माऊस सेकंदाला 125 वेळा आपली जागा कळवतो, म्हणजे दोन निरोपांमध्ये 8 मिलिसेकंद जातात. गेमिंग माऊस 1000 वेळा कळवतो, तिथे हे अंतर 1 मिलिसेकंद होतं. म्हणजे या हिशोबात पैसे खर्चून वाचणार फार तर 7 मिलिसेकंद. उलट, गेम मोड (चित्रावरची जास्तीची प्रक्रिया टाळणारी सेटिंग) बंद असलेला टीव्ही एकटाच 100 मिलिसेकंदांच्या घरात उशीर करू शकतो.

म्हणून आधी उशीर नेमका कुठे होतोय ते शोधायचं, सेटिंग्जना हात त्यानंतर लावायचा.

आधी निदान

इंटरनेटचा लॅग (उशीर) आणि माऊसचा लॅग यांची नेहमी गल्लत होते. ओळखायला सोपं आहे. ऑनलाइन शूटिंग गेममध्ये माऊसने मान वळवली की दृश्य तुमच्याच काँप्युटरवर फिरतं, त्यासाठी सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. दृश्य लगेच फिरतंय पण गोळी लागल्याचं उशिरा कळतंय, तर तो पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जायला-यायला लागणाऱ्या वेळेचा प्रश्न आहे. राउटरकडे बघा, हा लेख तुमच्यासाठी नाही. दृश्य अडखळत, झटके देत फिरतंय तर फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रं, कमी पडताहेत. आणि दृश्य छान गुळगुळीत फिरतंय, पण हाताच्या मागून येतंय, तर तो इनपुट लॅग, म्हणजे हात हलल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर.

आता गेम बंद करून डेस्कटॉपवर माऊस गोल गोल फिरवा. इथे एक गोम आहे. विंडोजचा बाण ग्राफिक्स कार्ड सहसा वेगळ्या थरावर काढतं, त्यामुळे तो बाकीच्या चित्रासाठी थांबत नाही आणि गेमपेक्षा चपळ वाटतोच. तरीही डेस्कटॉपवर बाण रेंगाळत असेल, तर दोष माऊस, डोंगल (वायरलेस माऊसचा यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर), यूएसबी पोर्ट किंवा स्क्रीनमध्ये आहे. डेस्कटॉपवर ठीक आणि फक्त गेममध्ये जड वाटत असेल, तर गेमच्या आणि ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये.

मोबाइलने मोजा

मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा 240 एफपीएसवर (सेकंदाला 240 फ्रेम्स) लावा. बोट आणि स्क्रीन दोन्ही एकाच चौकटीत येतील असा तो पुस्तकांच्या आधाराने उभा करा. गेममध्ये एक गोळी झाडा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा: बटण पूर्ण दाबलं गेलं ती फ्रेम, आणि बंदुकीच्या तोंडाशी उजेड दिसला ती फ्रेम. मधल्या प्रत्येक फ्रेमचे साधारण 4 मिलिसेकंद धरा. 15 फ्रेम्स निघाल्या तर 60च्या आसपास. पाचसहा वेळा मोजून सरासरी कागदावर लिहून ठेवा. काही फोनमधला 960 एफपीएसचा मोड मधल्या फ्रेम्स स्वतःच रचतो, तो इथे कामाचा नाही.

यापुढे एका वेळी एकच सेटिंग बदला आणि पुन्हा मोजा. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

डेस्कटॉपवरही रेंगाळत असेल तर

वायरलेस माऊसचं डोंगल कॅबिनेटच्या मागे, निळ्या यूएसबी 3.0 पोर्टला आणि शेजारी एक्सटर्नल हार्ड डिस्क, ही मांडणी घरोघरी दिसते. यूएसबी 3.0 मधून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने 2012 मध्येच दाखवून दिलं होतं, आणि डोंगल नेमकं त्याच पट्ट्यात बोलतं. एक यूएसबी एक्सटेन्शन केबल घ्या आणि डोंगल माऊसपॅडच्या शेजारी आणून ठेवा. लॅगवरचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. ब्लूटूथवर खेळत असाल तर डोंगल किंवा वायर वापरून पाहा. बॅटरीही बदलून बघा.

टीव्हीवर खेळत असाल तर बाकी सगळं सोडून आधी गेम मोड सुरू करा. टीव्ही चित्र ‘सुंदर’ करायला प्रत्येक फ्रेम थोडा वेळ धरून ठेवतो. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग तर दोन फ्रेम्सच्या मधलं चित्र रचते, त्यासाठी तिला पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावंच लागतं. ती बंदच हवी. काही टीव्हींवर एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की ही प्रक्रिया आपोआप कमी होते.

फक्त गेममध्ये असेल तर

इथला पहिला संशयित व्ही-सिंक. स्क्रीनवर चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसू नये म्हणून तो तयार फ्रेमला स्क्रीनच्या पुढच्या ठोक्यापर्यंत थांबवतो. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एक ठोका 16.7 मिलिसेकंदांचा. रांगेत दोनतीन फ्रेम्स साठल्या की तुमचा हात आणि चित्र यांच्यात 33 ते 50 मिलिसेकंदांची दरी पडते. व्ही-सिंक बंद करा, चित्र थोडं फाटेल, पण माऊस हाताशी येईल. मॉनिटर जी-सिंक किंवा फ्रीसिंकचा (ग्राफिक्स कार्डाच्या वेगाशी स्वतःचा ठोका जुळवणारा) असेल तर फाटणंही टाळता येतं: ते सुरू ठेवा आणि एफपीएसची मर्यादा रिफ्रेश रेटपेक्षा (स्क्रीनचे सेकंदाचे ठोके) तीनेक कमी लावा, 144 ला 141.

रांग व्ही-सिंकशिवायही साठते. ग्राफिक्स कार्ड 99 टक्क्यांवर धापा टाकत असेल, तर प्रोसेसर पुढच्या फ्रेम्स आधीच तयार करून ठेवतो आणि त्या शिळ्या होत पडून राहतात. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक 2 अशा गेम्समध्ये एनव्हिडिया रिफ्लेक्सचा पर्याय आहे, तो ही रांग मोडतो; तुमचं कार्ड एनव्हिडियाचं असेल तर डोळे झाकून सुरू करा. एएमडीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरमध्ये अँटी-लॅग आहे. यापैकी काहीच नसेल तर ग्राफिक्सचा दर्जा एक पायरी उतरवा किंवा एफपीएसला अशी मर्यादा घाला की कार्ड 95 टक्क्यांच्या खाली राहील. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम्स रचून भरणारी सेटिंग) मात्र बंद ठेवा. एफपीएसचा आकडा फुगतो, पण हाताला उशीर वाढतो. कथाप्रधान गेममध्ये चालेल, नेमबाजीत नाही.

एक जागा हमखास राहून जाते. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट बघा. 144 हर्ट्झचा मॉनिटर आणून महिनोन्‌महिने 60 वर चालवणारे लोक कमी नाहीत. लॅपटॉपवर असाल तर चार्जर लावूनच खेळा.

किरकोळ पण त्रासदायक

गेममध्ये ‘माऊस स्मूदिंग’ (माऊसची हालचाल गुळगुळीत करणं) दिसलं तर बंद करा. ‘रॉ इनपुट’ (माऊसची हालचाल विंडोजच्या फेरफाराशिवाय थेट घेणं) असेल तर सुरू करा. विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ लॅग वाढवत नाही, पण वेगानुसार बाणाची झेप बदलतं, म्हणून नेम परका वाटतो. 8000 हर्ट्झचा (सेकंदाला 8000 वेळा जागा कळवणारा) माऊस जुन्या प्रोसेसरवर उलटा गेमला अडखळवतो, 1000 वर आणा. टचपॅडवर खेळताना कीबोर्डचं बटण दाबलं की बाण गोठत असेल, तर तो टायपिंगच्या वेळी तळहाताचा चुकीचा स्पर्श टाळण्यासाठी केलेला बंदोबस्त आहे. टचपॅडची संवेदनशीलता सर्वात वरच्या पायरीवर न्या.

‘झिरो लॅग’च्या नावाने फिरणाऱ्या रजिस्ट्री फाइल्स (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलणाऱ्या) मात्र चालवू नका. आत काय बदललंय ते कळत नाही आणि पूर्ववत करणं जिवावर येतं.

एवढं करूनही मोजलेला आकडा हलला नाही, तर तोच माऊस मित्राच्या काँप्युटरवर लावून पाहा. तिथेही रेंगाळला, तर वॉरंटीचं कार्ड शोधा.