हप्ता थांबला? कुटुंबाच्या मर्यादेत अडकवणाऱ्या या चुका टाळा

लाडकी बहीण योजनेचा महिन्याचा हप्ता थांबला की आधी पोर्टलला शिव्या बसतात, मग अंगणवाडी सेविकेला. घोळ बहुतेकदा घरच्याच कागदात असतो. अर्ज एकटीचा असला तरी मर्यादा अख्ख्या कुटुंबाला लागते, हेच कुणी बघत नाही.

घाईघाईने रेशनकार्ड फोडणे. ई-केवायसीत कबुली द्यावी लागते की कुटुंबातली एक विवाहित आणि एक अविवाहित महिलाच लाभ घेते. पडताळणीत कुटुंब मोजलं जातं ते रेशनकार्डावरून. मग एजंट सल्ला देतो, 'कार्ड वेगळं करा, काम झालं!'

नेहमीचं प्रकरण घ्या. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, सासू-सासरे आणि दोन मुलगे-सुना, अशी ६ माणसं. माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला ३० किलो धान्य. धाकटी जोडी नाव कमी करून बाहेर पडते आणि जुन्या कार्डावर २० किलो उरतं. नवं कार्ड हातात येतं, पण तालुक्याचा इष्टांक (म्हणजे धान्य मिळणाऱ्यांची ठरवून दिलेली संख्या) भरलेला असेल तर त्यावर धान्य सुरू होत नाही. म्हणजे १० किलो गेलं. शिवाय जुन्या कार्डावर सासू आणि थोरली सून अशा दोन विवाहित आहेतच, तिथला पेच तसाच. चूल एकच असेल तर घरी येऊन चौकशी करणाऱ्या सेविकेला ते दिसतंच. घर खरंच वेगळं झालं असेल तरच कार्ड वेगळं करा, आणि नाव कमी करण्याआधी पुरवठा शाखेत इष्टांकाची चौकशी करा.

ई-केवायसीत न वाचता 'नाही' दाबणे. विधान नकारार्थी आहे: कुटुंबातले सदस्य सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाहीत. घरात तसं कुणी नसेल तर उत्तर 'होय'. सवयीने 'नाही' दाबलं की घरात सरकारी नोकर असल्याची नोंद होते. केंद्रावर दुसऱ्याच्या हातात मोबाइल देऊन मोकळ्या होणाऱ्यांचं इथेच फसतं. ओटीपी सांगण्याआधी पडद्यावरचं वाक्य मोठ्याने वाचून घ्या.

१,५०० ऐवजी ५०० आले म्हणून तक्रार करणे. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२,००० येत असतील, तर महिन्याला १,००० धरून फक्त फरक मिळतो. तक्रारीत वेळ घालवू नका.

अर्जात लिहिलेल्या खात्यावरच पैसे शोधणे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. आधी सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या खात्याशी जोडलंय ते बघा.

एकाच घराची दोन उत्पन्नं दाखवणे. लाडकी बहीणला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, संजय गांधी निराधार अनुदान योजनेला साधारणपणे २१,०००. एका वर्षात एकाच घराचे दोन वेगळे दाखले काढले की तहसीलमध्ये दोन्ही अडकू शकतात.

पासष्टी ओलांडल्यावर श्रावणबाळ, म्हणजे ज्येष्ठांचं निवृत्तीवेतन, आपोआप लागेल असं धरणे. लागत नाही. अर्ज नव्याने करावा लागतो, आणि तिथेही मर्यादा २१,००० चीच.