अल्सासचं जुनं लाकडी घर कसं बघायचं, आधी नागपूरच्या महाल भागात मग स्ट्रासबर्गला

आपल्या नागपूरची कितीतरी पोरं आता शिकायला, नोकरीला जर्मनी-फ्रान्सकडे जातात अन् अल्सासच्या (फ्रान्सचा जर्मनीला लागून असलेला भाग, स्ट्रासबर्ग त्यातलंच शहर) त्या लाकडी चौकटीच्या घरांसमोर फोटो काढून परत येतात, घर नीट बघतच नाहीत, म्हणून लिहितोय.

जायच्या आधी एका रविवारी महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या चौकात उभे राहा, सागाचे खांब अन् तुळया वजन कसं पेलतात ते बघून घ्या. तिकडेही सांगाडा लाकडाचाच, फक्त साग नाही, बहुतेक ओक, अन् आपला सांगाडा आतून चौकात दिसतो तर त्यांचा थेट रस्त्यावर.

बघायची सुरुवात खालून करा. स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलजवळचं, म्हणजे मोठ्या चर्चजवळचं, मेझाँ कामरझेल हे घर घ्या. पहिलं बांधकाम १४२७ चं, पण मार्टिन ब्राउन नावाच्या चीज व्यापाऱ्याने १५७१ ला ते विकत घेतलं आणि दगडी तळमजला तसाच ठेवून वरचे लाकडी मजले नवे उभारले, ते १५८९ चे. नाव मात्र १९ व्या शतकातल्या एका किराणा व्यापाऱ्याचं! म्हणून पाटीवरचं एकच साल वाचून पुढे जाऊ नका, प्रत्येक मजल्याला वेगळं वय विचारा.

मग खांब बघा, ही माझी सगळ्यात आवडती खूण. एकच लांब खांब दोन मजले चढत गेला असेल तर पद्धत जुनी, मध्ययुगीन. प्रत्येक मजल्याची चौकट वेगळी, एकावर एक ठेवलेली असेल तर नंतरची. वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला असतो, त्याने आत जागा वाढते अन् खालच्या भिंतीला पावसापासून आडोसा मिळतो. सांधे खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले. जवळ जाऊन बघा, काही लाकडांवर सुताराने कोरलेल्या खुणा सापडतात, कारण चौकट आधी जमिनीवर जुळवायची, खुणा करायच्या, सोडवायची आणि मग जागेवर उभी करायची. म्हणजे घर सोडवून दुसरीकडे नेताही यायचं!

हातपाय फाकवून उभ्या माणसासारखी जी आकृती दिसते तिला ‘मान’ (जर्मनमध्ये माणूस) म्हणतात, तिरप्या लाकडांमुळे चौकट कलंडत नाही. मधली भरण म्हणजे आपला कुडच, काठ्या विणून वर माती अन् गवताचा लेप. लाकडावर कुऱ्हाडीचे बारीक घाव दिसले तर समजा मधल्या काळात ते गिलाव्याखाली झाकलेलं होतं, गिलावा धरावा म्हणून घाव घालायचे. रंगावरून मात्र वय ठरवू नका, रंग पुन्हा पुन्हा देतात.

शेवटी मान वर करा. आपले जुने कवेलू नळीसारखे, त्यांचे चपटे अन् टोकाला गोल, नावच बीव्हरची शेपटी. स्ट्रासबर्गच्याच पेतित फ्रान्स भागात उंच छपरात उघडे माळे दिसतील, कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतली कातडी तिथे वाऱ्यावर वाळायची.