भेटीच्या अटी लिहिताना 'परस्पर सोयीने' खोडा

संमतीने घटस्फोट घेताना आधार, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, फोटो ही यादी वकील देतातच. मी आपटलो ते कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात द्यायच्या अटींमध्ये. 'वडील मुलीला सुट्टीत परस्पर सोयीने भेटतील', बस, एवढंच. भांडून दोघंही दमलो होतो, ते वाक्य समजूतदार वाटलं. पहिल्याच दिवाळीत, वसुबारसेला, किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे पिशवीत घेऊन सोसायटीच्या गेटपाशी गेलो, तर वॉचमन म्हणाला, "ताई तर सकाळीच गावाला गेल्या." तिने अट मोडली म्हणावं तर मोडायला अट होतीच कुठे?

तेव्हा दिवस, वेळ, जागा लिहा. 'पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६' असं. घ्यायला कोण जाणार, सोडायला कोण, गेटवर की दारात. तुम्हाला जमलं नाही तर आजी-आजोबा आणू शकतील का, तेही. वकील म्हणतील, इतकं बारीक कशाला? लिहायला लावा. दिवाळीची सुट्टी 'निम्मी-निम्मी' लिहिलीत तर लक्ष्मीपूजन कुठल्या निम्म्यात आणि भाऊबीज कुठल्या, यावर पुन्हा महाभारत. सम वर्षी इकडे, विषम वर्षी तिकडे, असं ठरवा. गणपतीचंही तसंच. 'मे महिन्याची सुट्टी' म्हणू नका, काही शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. शाळेच्या वेळापत्रकावर बोट ठेवा. मुलाला ताप आला आणि भेट हुकली, तर बदली दिवस कुठला? लिहा. दिवस, वेळ, जागा!

मूल पाच वर्षांखालचं असेल तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे ताबा सर्वसाधारणपणे आईकडे राहतो. त्यावर वाद घालून तारखा वाया घालवू नका; ताबा नाही म्हणजे भेट नाही असं होत नाही. जोडीदार दुसऱ्या गावी किंवा परदेशी जाणार असेल तर व्हिडिओ कॉलचे वार आणि वेळ घाला. मुलाच्या ताब्याच्या वादातल्या २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काचं महत्त्व स्पष्ट सांगितलं आहे. कॉलची वेळही 'सोयीने' नको, हे वेगळं सांगायला नको ना?

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंपुढे मान डोलावत बसू नका, मी तेच केलं. शंका तिथेच काढा. सही झाल्यावर बदल होत नाही असं नाही, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही अर्ज करता येतो. मी केला. एका वाक्यासाठी आठ महिने तारखा.

पोटगी आणि भेट एकमेकांत अडकवू नका: भेट दिली नाही म्हणून पोटगी थांबवली, तर कोर्टात तुम्हीच उघडे पडता. पालकसभा, पासपोर्टवरची सही, आजारपणात कोणाला फोन, एकेक ओळ पुरे. प्रमाणित प्रती दोन काढा, एक शाळेत द्या. भेटीच्या दिवशी चष्मा, औषध आणि गृहपाठाची वही घेतानाच मागा, नाहीतर शनिवारी रात्री पुन्हा गेटवर.